नागरिक फ्रँकलिन आणि आगीचा बंब

बेंजामिन फ्रँकलिनचे नाव निघाले की शालेय पाठ्यपुस्तकातील एकच चित्र बहुतेकांच्या डोळ्यांपुढे उभे राहते : गडगडणारे ढग, आभाळात चढलेला पतंग आणि दोरीच्या टोकाला बांधलेली किल्ली. थोड्या अधिक वाचनाने त्यात अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारा मुत्सद्दी आणि फ्रान्सच्या दरबारातील वकील यांची भर पडते. परंतु या माणसाच्या ऐन उमेदीची कितीतरी वर्षे ज्या प्रश्नांत खर्ची पडली ते प्रश्न आभाळातले नव्हते, रस्त्यावरचे होते. रात्रीची गस्त कोणी घालावी, चिखलाच्या रस्त्यावर फरसबंदी कोणी करावी, आग लागली तर बंब कोणी ओढावा आणि या सर्वांचा खर्च कोणाच्या खिशातून किती घ्यावा, हे ते प्रश्न होत. घरपट्टी वाढवू नका आणि अग्निशमन दल मात्र सज्ज ठेवा, या दोन मागण्या एकाच सभेत, पुष्कळदा एकाच तोंडाने केल्या जातात. फ्रँकलिनच्या चरित्राची ही कमी वाचली जाणारी बाजू अशा वेळी उघडून पाहण्यासारखी आहे.

फ्रँकलिनचा जन्म १७०६ साली बोस्टन येथे झाला. वडील चरबीच्या मेणबत्त्या व साबण करून विकीत. सतरा भावंडांच्या त्या कुटुंबातील मुलग्यांत तो सर्वांत धाकटा. शाळेचे शिक्षण जेमतेम दोन वर्षांचे. बोस्टन हे लाकडी घरांचे आणि म्हणून आगीच्या सततच्या धास्तीखाली वावरणारे गाव होते. तो पाच वर्षांचा असताना, १७११ मध्ये, तेथे सुमारे शंभर घरे भस्मसात करणारी मोठी आग लागली होती. पुढे थोड्याच वर्षांत तेथील काही गृहस्थांनी आगीच्या वेळी एकमेकांच्या मदतीस धावण्याची एक मंडळी स्थापन केली. बाराव्या वर्षी थोरल्या भावाच्या छापखान्यात उमेदवारीला लागलेला बेंजामिन हे सारे पाहत वाढला. १७२३ मध्ये भावाशी बिनसल्यावर तो पळून फिलाडेल्फियाला गेला, तो कायमचा तेथला झाला.

फिलाडेल्फिया हे शहर विल्यम पेनने १६८२ मध्ये वसविले. १६६६ मधील लंडनच्या महाभयंकर आगीची आठवण त्याच्या मनात ताजी होती. म्हणून रुंद रस्ते, प्रशस्त भूखंड आणि प्रत्येक भूखंडाच्या मधोमध घर, अशी आखणी त्याने केली होती. परंतु नदीकाठच्या जागेचे मोल वाढत गेले, तसे भूखंडांचे तुकडे पडले आणि धक्क्यालगतची वस्ती दाट झाली. १७३० साली तेथील एका धक्क्यावर आग लागली आणि सुमारे ५,००० पौंडांची मालमत्ता जळाली. त्या वेळी फ्रँकलिन चोवीस वर्षांचा होता. 'पेनसिल्व्हेनिया गॅझेट' हे वृत्तपत्र त्याने आदल्याच वर्षी ताब्यात घेतले होते. तरुण कारागीर, कारकून व व्यापारी यांचे 'जंटो' नावाचे चर्चामंडळही त्याने १७२७ मध्ये सुरू केले होते. नव्या कल्पनेवर प्रथम या मंडळात निबंध वाचावयाचा, तेथे टीकाकारांनी तिचे कोपरे घासून काढले की मग ती वृत्तपत्रातून लोकांपुढे ठेवावयाची, ही त्याची कार्यपद्धती होती.

अशा निबंधांपैकी एक १७३५ च्या सुमारास रात्रीच्या गस्तीवर होता. त्या काळी प्रत्येक वॉर्डाचा कॉन्स्टेबल आळीपाळीने काही घरमालकांना गस्तीसाठी बोलावीत असे. ज्यांना येणे नको असे ते वर्षाला सहा शिलिंग भरून सुटका करून घेत. या पैशातून बदली माणसे नेमावीत अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात जमा होणारी रक्कम गरजेपेक्षा पुष्कळ जास्त असे आणि कॉन्स्टेबलची जागा त्यामुळे किफायतशीर झाली होती. थोड्याशा दारूच्या आशेने येणारे रिकामटेकडे लोक गस्तीला घ्यावयाचे आणि रात्र गुत्त्यात काढावयाची, असा प्रकार सर्रास चाले. कोणताही वृत्तपत्रकार या भ्रष्टाचारावर आसूड ओढून थांबला असता. फ्रँकलिनने बोट ठेवले ते अधिक खोलवरच्या दोषावर. सहा शिलिंगांची ती पट्टी सर्वांना सारखी होती. जिच्या घरात राखण करण्याजोगी चीजवस्तू सारी मिळून पन्नास पौंडांचीही नसेल ती गरीब विधवा सहा शिलिंग भरी, आणि ज्याच्या वखारीत हजारो पौंडांचा माल पडून असे तो बडा व्यापारीही सहाच शिलिंग भरी. गस्त मालमत्तेची होते; तर मग तिचा भार मालमत्तेच्या प्रमाणात का नसावा, असा त्याचा साधा, परंतु अडचणीचा प्रश्न होता. पगारी माणसे कायमची नेमावीत आणि त्यांचा खर्च मालमत्तेच्या प्रमाणात कर बसवून भागवावा, असा त्याचा प्रस्ताव होता.

हा प्रस्ताव लगेच मान्य झाला नाही. पगारी गस्त व रस्त्यांवरील दिवे यांची तरतूद करणारा कायदा व्हावयास जवळजवळ पंधरा वर्षे, म्हणजे १७५१ साल उजाडावे लागले. परंतु फ्रँकलिनच्या सार्वजनिक आयुष्याचे सूत्र त्या निबंधात सापडते. तो करांचा शत्रू नव्हता, विषम करांचा शत्रू होता.

आगीच्या प्रश्नाकडे तो याच सुमारास वळला. फेब्रुवारी १७३५ मध्ये आपल्याच वृत्तपत्रात एका वृद्ध नागरिकाच्या नावाने त्याने एक पत्र छापले. त्यातील सूचना अगदी व्यवहारातल्या होत्या. पेटते निखारे उघड्या फावड्यावरून एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नेऊ नयेत, धुराडी वेळच्या वेळी झाडावीत, ती झाडणाऱ्यांना महापौराने परवाने द्यावेत आणि कामात कुचराई झाल्यास त्यांना जबाबदार धरावे, असे त्याने सुचविले. आग विझविण्याच्या यातायातीपेक्षा ती लागू न देण्याची काळजी कितीतरी स्वस्त पडते, हे त्याचे मत पुढे म्हणीसारखे रूढ झाले. आग लागल्यावर काय करावयाचे याबाबत त्याने बोस्टनच्या मंडळीचा दाखला दिला. शहरात बंब व बादल्या असून भागत नाही. कोणी कोठे उभे राहावयाचे, हुकूम कोणाचा ऐकावयाचा हे आधी ठरलेले असावे लागते, हा त्याचा मुद्दा होता.

त्यातूनच ७ डिसेंबर १७३६ रोजी 'युनियन फायर कंपनी' स्थापन झाली. तीस सभासदांची मर्यादा, प्रत्येकाच्या घरी ठरावीक संख्येने चामड्याच्या बादल्या आणि सामान भरून हलविण्यासाठी मजबूत पिशव्या व टोपल्या, महिन्यातून एकदा बैठक, आणि गैरहजर राहणाऱ्यास किरकोळ दंड, असा तिचा करार होता. दंडाच्या रकमेतून बंब, शिड्या व आकडे विकत घेतले जात. सभासद होऊ इच्छिणारे वाढले, तेव्हा जुन्याच मंडळीत भरती न करता त्यांना स्वतंत्र मंडळी काढण्याचा सल्ला देण्यात आला. एकामागून एक मंडळ्या निघत गेल्या आणि गावातील बहुतेक मालमत्ताधारक कोणत्या ना कोणत्या मंडळीत सामील झाले. या व्यवस्थेनंतर शहरात एका वेळी एकदोन घरांहून अधिक घरे कधी जळाली नाहीत, असे फ्रँकलिनने आपल्या आत्मचरित्रात मोठ्या समाधानाने नमूद केले आहे.

त्याचे समाधान अनाठायी नव्हते. तथापि एक गोष्ट येथे नजरेआड करता येत नाही. ही मंडळी मालमत्ताधारकांची होती आणि तिच्या कराराचा मुख्य भर सभासदांनी परस्परांची घरे व चीजवस्तू वाचविण्यावर होता. गस्तीच्या निबंधातील त्या विधवेला या व्यवस्थेत शेजाऱ्यांच्या चांगुलपणाचा आधार होता, हक्क नव्हता. गस्तीला लावलेले तत्त्व फ्रँकलिनने आगीला लावले नाही. आगीची व्यवस्था त्याने वर्गणी, दंड आणि सद्भावना यांवरच सोपविली.

या वर्गणीच्या थैलीवरून एक मजेदार प्रसंगही घडला. १७४७ मध्ये फ्रेंच व स्पॅनिश जहाजांपासून शहराला धोका निर्माण झाला. पेनसिल्व्हेनियात क्वेकर पंथीयांचे प्राबल्य होते आणि युद्धाच्या खर्चाला मान्यता देणे त्यांच्या धर्मबुद्धीला पटत नसे. तेव्हा तोफांसाठी सोडत काढून पैसा उभा करण्याचे ठरले आणि युनियन मंडळीच्या शिलकेतील साठ पौंडांची तिकिटे घ्यावीत, असा प्रस्ताव आला. तिच्या तीस सभासदांपैकी बावीस क्वेकर होते. प्रस्ताव नामंजूर झाल्यास आपण आगीच्या बंबासाठी पैसे मागू आणि एक मोठी तोफ घेऊन येऊ, कारण आग ओकणारे यंत्र तेही आणि हेही, असा बेत फ्रँकलिनने एका स्नेह्याजवळ थट्टेने बोलून दाखविला होता. तशी वेळ आली नाही. विरोध करावयास एकच क्वेकर हजर राहिला आणि प्रस्ताव संमत झाला. बाकीचे मुद्दामच आले नव्हते. संरक्षण सर्वांना हवे होते. त्यासाठी हात वर करण्याची जबाबदारी तेवढी नको होती.

आग लागू नये आणि लागली तर विझवावी, एवढ्यावर फ्रँकलिनचा विचार थांबला नाही. घर जळालेल्या कुटुंबाचे पुढे काय, हा प्रश्न उरतोच. १७५२ मध्ये त्याच्या पुढाकाराने आगीच्या विम्याची परस्पर सहकारी संस्था फिलाडेल्फियात उभी राहिली. सभासदांनी ठेव भरावयाची, ज्याचे घर जळेल त्याची भरपाई त्या निधीतून करावयाची आणि विमा उतरण्यापूर्वी घराची बांधणी तपासून धोक्याप्रमाणे आकार ठरवावयाचा, अशी तिची रीत होती. ही संस्था आजही चालू आहे. त्याच १७५२ साली पतंगाचा तो प्रसिद्ध प्रयोग झाला आणि पुढल्या वर्षीच्या आपल्या पंचांगात त्याने वीजवाहक सळई उभारण्याची कृती सर्वांसाठी छापली. तिच्यावर त्याने पेटंट घेतले नाही. पाठ्यपुस्तकातला शास्त्रज्ञ आणि नगरातला कार्यकर्ता असे दोन फ्रँकलिन नव्हतेच. विजेने पेटणारी घरे वाचविणे हा त्याच्या बंबाच्या कामाचाच पुढचा भाग होता.

लोक कर देण्यास का कचरतात, याचीही त्याने बारकाईने पारख केली होती. बाजाराभोवतीचा रस्ता चिखलाने भरलेला असे. त्याने प्रथम तेथे फरसबंदी करविली. मग एका गरीब कष्टाळू माणसाला आठवड्यातून दोनदा झाडलोटीसाठी नेमून दर घरामागे महिना सहा पेन्स गोळा केले. स्वच्छ रस्त्याचे सुख लोकांनी अनुभवले, तेव्हा सर्वच रस्ते तसे व्हावेत अशी मागणी होऊ लागली आणि त्यासाठी कर सोसण्याची तयारीही वाढली. १७५१ मध्ये रुग्णालयासाठी त्याने आणखी एक युक्ती योजिली. लोकांनी २,००० पौंड वर्गणी जमविली तर विधिमंडळाने तेवढेच द्यावेत, असे विधेयक त्याने मंजूर करून घेतले आणि प्रत्येक देणगीदाराला आपली देणगी दुप्पट झाल्याचे समाधान मिळवून दिले. काम दिसले म्हणजे कर बोचत नाही, हा त्याचा अनुभव होता. कर आधी आणि काम कधी तरी, हा क्रम जेथे रूढ झाला तेथे करदात्याची कुरकुर केवळ कंजूषपणाची मानता येत नाही, हेही त्यातून ओघानेच निघते.

१७५१ मध्ये फ्रँकलिन विधिमंडळाचा सभासद झाला आणि गस्तीच्या निबंधातील तत्त्वाची मोठ्या रणांगणावर कसोटी लागली. पेनसिल्व्हेनिया ही वसाहत म्हणजे इंग्लंडच्या राजाने १६८१ मध्ये विल्यम पेनला दिलेली जहागीर होती. त्याचे वारस, टॉमस व रिचर्ड पेन, वसाहतीतील सर्वांत मोठे जमीनमालक होते आणि गव्हर्नर त्यांचाच नोकर होता. आपल्या जमिनींवर कर बसविणाऱ्या कोणत्याही विधेयकाला संमती देऊ नये, असा त्यांचा त्याला हुकूम होता. १७५५ मध्ये जनरल ब्रॅडॉकच्या सैन्याचा धुव्वा उडाला, सरहद्दीवरील वस्त्या जळू लागल्या. संरक्षणाला पैसा हवा होता आणि तो करातूनच यावयाचा होता. पेनच्या जमिनी त्या संरक्षणानेच राखल्या जाणार होत्या. खर्चाचा वाटा मात्र शेतकऱ्याने व कारागिराने उचलावा, अशी मालकांची भूमिका होती. विधेयकात सर्व स्थावर-जंगम मालमत्तेवर कर बसवावा आणि मालकांची मालमत्ता वगळू नये, असे कलम होते. गव्हर्नरने त्यात केवळ एका शब्दाची दुरुस्ती मागितली. नकाराच्या शब्दाऐवजी 'फक्त' हा शब्द घालावा, म्हणजे फक्त मालकांची मालमत्ता वगळली जाईल, एवढीच त्याची मागणी होती. कर आकारणीच्या कायद्यात एका शब्दाची किंमत काय असते, याचे याहून बोलके उदाहरण शोधून सापडणार नाही.

गवगवा झाला, तेव्हा मालकांनी ५,००० पौंडांची देणगी देऊ केली. कर म्हणून द्यावयाचे नाही, कृपा म्हणून द्यावयाचे, हा त्यातील डाव होता. तेवढ्यापुरती ती स्वीकारण्यात आली, पण वाद मिटला नाही. १७५७ मध्ये विधिमंडळाने फ्रँकलिनला आपला वकील म्हणून लंडनला धाडले. १७५९ च्या कायद्याने पेनच्या जमिनींवर कर बसला आणि १७६० मध्ये तो राजाच्या प्रिव्ही कौन्सिलपुढे तपासणीला आला. सुनावणी चालू असताना लॉर्ड मॅन्सफील्डने फ्रँकलिनला बाजूला नेले. मालकांच्या मालमत्तेवर अन्याय होणार नाही अशी खात्री असेल, तर तसे लेखी देण्यास हरकत आहे काय, अशी त्याने विचारणा केली. फ्रँकलिनने तसे लिहून दिले. मोजणी न झालेल्या पडीक जमिनी करातून सुटल्या. पण जहागीरदाराची मालमत्ता करपात्र आहे हे तत्त्व कायम झाले. तडजोड अपुरी होती, यात शंका नाही. परंतु सहा शिलिंगांच्या सारख्या पट्टीपासून निघालेला युक्तिवाद वसाहतीच्या सर्वांत बड्या धन्यापर्यंत पोचला, हेही तितकेच खरे.

या तत्त्वाची दुसरी बाजू त्याला ठेच लागून उमगली. १७६५ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने वसाहतींवर मुद्रांक कर लादला, तेव्हा लोक त्यामुळे किती खवळतील याचा लंडनमध्ये बसलेल्या फ्रँकलिनला अंदाज आला नाही. त्याने आपल्या एका मित्राची त्या कराच्या अधिकाऱ्याच्या जागेसाठी शिफारसही केली. फिलाडेल्फियातील त्याच्या घरावर जमाव चालून जाण्याची वेळ आली आणि त्याच्या पत्नीने घर न सोडता त्या धमकीला तोंड दिले. त्यानंतर त्याने आपली भूमिका बदलली आणि १७६६ मध्ये कॉमन्स सभेपुढे साक्ष देऊन तो कर रद्द करविण्यात मोठा वाटा उचलला. कर न्याय्य प्रमाणात असला पाहिजे आणि तो देणाऱ्यांच्या प्रतिनिधींनी संमत केलेला असला पाहिजे; या दोहोंपैकी एक पाय लंगडा पडला तर कराचे रूपांतर खंडणीत होते.

मात्र या लढ्यावरून, कर चुकविणे हे स्वातंत्र्याचे लक्षण आहे, असा अर्थ ज्यांनी काढला त्यांना फ्रँकलिनने आधार दिला नाही. स्वतंत्र झालेल्या अमेरिकेत लोक कर भरण्यास टाळाटाळ करू लागले, तेव्हा अर्थखाते सांभाळणाऱ्या रॉबर्ट मॉरिसला १७८३ च्या डिसेंबरात लिहिलेल्या पत्रात त्याने आपले मत निःसंदिग्धपणे मांडले. जगण्यापुरत्या गरजेपलीकडची मालमत्ता ही समाजाने केलेल्या कायद्यांमुळे अस्तित्वात येते आणि टिकते. म्हणून सार्वजनिक गरजेसाठी तिच्यातील वाटा मागण्याचा समाजाला अधिकार आहे. ज्याला ही अट मान्य नसेल त्याने समाज सोडून रानात जाऊन राहावे, इतक्या टोकापर्यंत त्याने हा विचार नेला.

१७ एप्रिल १७९० रोजी वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी फ्रँकलिनचे निधन झाले. मृत्युपत्रात त्याने बोस्टन व फिलाडेल्फिया या दोन्ही शहरांना प्रत्येकी १,००० पौंड ठेवले. तरुण कारागिरांना त्यातून कर्जे द्यावीत आणि शंभर वर्षांनी वाढलेल्या रकमेचा मोठा भाग सार्वजनिक कामांवर खर्च करावा, अशी योजना होती. घरे व फरसबंदी वाढली की पावसाचे पाणी जमिनीत मुरत नाही आणि विहिरी नासतात. म्हणून फिलाडेल्फियाने जवळच्या ओढ्याचे पाणी नळाने शहरात आणावे, असेही त्याने सुचवून ठेवले. मरणाच्या दारातही या माणसाला गावाच्या पाण्याची काळजी होती.

त्याच्या बंबाच्या मंडळ्यांचे पुढे जे झाले त्यात मात्र एक धडा आहे. शहर वाढले, मंडळ्या वाढल्या आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला त्यांच्यातील चढाओढ इतकी विकोपाला गेली की, आग बाजूला राहून रस्त्यातच त्यांच्या मारामाऱ्या होऊ लागल्या. अखेरीस १८७१ मध्ये फिलाडेल्फियाने महापालिकेचे पगारी अग्निशमन दल उभारले. त्याचा खर्च शहराच्या तिजोरीवर आला. फ्रँकलिनने गस्तीसाठी १७३५ च्या सुमारास जे सुचविले होते ते आगीच्या बाबतीत घडून येण्यास सुमारे १३६ वर्षे लागली. तीस शेजाऱ्यांच्या सद्भावनेवर एक गाव वाचते. लाखोंचे शहर वाचावयाचे तर सद्भावनेला पगार, शिस्त आणि करांतून येणारा कायमचा पैसा यांची जोड लागते.

घरपट्टीचा आकडा किती असावा यावर नगरसभांत वाद होणार आणि ते झालेही पाहिजेत. परंतु त्या वादात दोन प्रश्न विसरले जाऊ नयेत. ज्याचे राखावयाचे अधिक त्याच्याकडून अधिक घेतले जाते काय? आणि जिच्याजवळ राखण्याजोगे फारसे काही नाही तिच्या झोपडीला आग लागली, तर बंब तितक्याच वेगाने तेथे धावतो काय? पहिल्या प्रश्नाचे उत्तर फ्रँकलिनने आयुष्यभर शोधले. दुसऱ्याचे उत्तर त्याच्या तीस सभासदांच्या मंडळीला देता आले नाही. ते कोणत्याही शहराला आपल्या अंदाजपत्रकातूनच द्यावे लागते.